मेहरूणच्या काठावर, पाणी मागे गेल्यावर
आज कामावरून सुटलो तो कॅमेरा घेऊन थेट जळगावच्या मेहरूण तलावावर. पाणी पार आत सरकलंय. पावसाळ्यात जिथे लाटा लागतात, तिथून मी चालत होतो. ऊन तिरपं झालं तशी तडकलेल्या गाळाची एकेक भेग सावलीने भरली. भरदुपारी हीच जमीन नुसती सपाट, पांढरट दिसते. ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली, कॅमेऱ्याचं सेटिंग एफ ११, आयएसओ १००. उरलेल्या पाण्यात शेकाट्या पक्ष्यांचे लांब गुलाबी पाय आणि त्यांची प्रतिबिंबं. (फोटो सुंदर आलेत, पण बघताना पोटात कालवतं.) शेळ्या वळवत आलेले एक बाबा शेजारी थांबले. म्हणाले, "औंदा पानी भलतं लवकर आटनं, भाऊ." मी कॅमेरा बाजूला ठेवला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो होतो.