टॉडमॉर्डन : भाजी खुडायला कुणाला विचारावं लागत नाही असं गाव

इंग्लंडमध्ये मँचेस्टरहून यॉर्कशरकडे जाणारी गाडी लिटलबरो सोडते आणि समिट बोगद्यात शिरते. १८४१ साली हा बोगदा सुरू झाला तेव्हा जगात त्याच्याहून लांब रेल्वे बोगदा नव्हता. बाहेर आलं की दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि अरुंद खोऱ्यात काळपट दगडी घरांच्या रांगा दिसू लागतात. हेच टॉडमॉर्डन. गावकरी त्याला नुसतं ‘टॉड’ म्हणतात. वस्ती जेमतेम पंधरा हजारांची.

मी इथे आले ती भाजीचे वाफे बघायला. स्टेशनपासूनच ते सुरू होतात. पुदिना, रोजमेरी, बडीशेपेची झुडपं, कालव्याच्या कडेनं केल या कोबीसारख्या भाजीची जाड पानं. आरोग्य केंद्राच्या आवारात औषधी वनस्पती लावल्या आहेत. कुंपण नाही, राखणदार नाही. हवं ते खुडा आणि न्या, पैसे कुणी मागत नाही.

२००८ साली पॅम वॉरहर्स्ट, मेरी क्लिअर आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी ‘इन्क्रेडिबल एडिबल’ या नावानं हे सुरू केलं. सुरुवातीला परवानगी मागत बसले नाहीत. जिथे कचरा आणि झुडपं माजली होती तिथे खणलं, लावलं. पोलीस ठाण्यासमोर मका लावला, तेव्हा तो बघायला लोक येऊ लागले. पुढे नगर प्रशासनानंच मोकळ्या जागा लागवडीला द्यायची पद्धत आणली. बाजारातल्या गाळेवाल्यांना त्यांनी लिहायचे काळे फळे वाटले. आपल्याकडे आज जवळपासच्या शेतातलं काय आलंय ते खडूनं लिहून ठेवायचं. त्यांचं ब्रीद सोपं आहे : तुम्ही जेवत असाल, तर तुम्ही आमच्यातलेच.

या वाफ्यांवर पंधरा हजार माणसं जेवणार नाहीत, हे उघड आहे, आणि तसा दावाही कुणी करत नाही. मला त्यांचं मोल वेगळ्या ठिकाणी दिसलं. रस्त्याकडेची जागा सरकारची म्हणून जिच्याकडे आपण बघतही नाही, ती इथल्या माणसाला आपल्या अंगणासारखी वाटते. वाफ्याशी वाकलेल्या माणसाजवळ जाणारा-येणारा थांबतो, दोन शब्द बोलतो. मी पुण्यात ज्या सोसायटीत राहते, तिथे समोरच्या दाराआड कोण राहतं हे मला माहीत नाही. म्हणून हे बघताना आत काहीतरी हललं.

गावाचा टाऊन हॉल १८७५चा. इमारतीखालून ओढा वाहतो, आणि लँकेशर आणि यॉर्कशर या दोन परगण्यांची जुनी हद्द याच इमारतीतून जात होती. दर्शनी माथ्यावरच्या शिल्पात एका बाजूला लँकेशरचा कापूस, दुसऱ्या बाजूला यॉर्कशरची लोकर आणि शेती. त्या कापसापाशी मी बराच वेळ उभी राहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस थांबला, तेव्हा आपल्या खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून इथल्या कापडगिरण्यांकडे निघाला. मुंबईत पैशाचा पूर आला, पण इथे कापूस पुरेना आणि कामगारांच्या घरी चूल पेटेना. एकाच कापसाच्या दोन बाजू.

पाण्याचा पूर मात्र इथे खराच येतो. २०१५ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी कॅल्डर नदीनं हे सगळं खोरं बुडवलं. मार्केट हॉलमध्ये चहा आणि आल्याचा पार्किन केक घेऊन बसले होते, तेव्हा शेजारच्या आजींनी त्या दिवसांबद्दल सांगितलं. चिखल उपसायला अनोळखी माणसं फावडी घेऊन आली, कुणी भांडंभर सूप घेऊन दारोदार फिरलं. बाहेर काम करणारी मंडळी दाखवत त्या म्हणाल्या, “जा लव्ह, त्यांना माणसं कमीच पडतात.”

मग मीही खुरपं हातात घेतलं. रूबार्ब या आंबट देठांच्या भाजीच्या वाफ्यातलं तण काढायचं होतं. सोबत एक निवृत्त शिक्षक, एक तरुण आई आणि तिचा मुलगा. तो प्रत्येक गांडूळ सगळ्यांना दाखवून मगच मातीत सोडत होता. कुणी कुणाला हुकूम करत नव्हतं. काम आटोपल्यावर सगळे एकत्र जेवायला बसले. बोलणं कुणाच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचं, उशिरा येणाऱ्या बसचं, पावसाचं.

तुमच्याकडे काय लावतात, असं शिक्षकांनी विचारलं. मी मेथीचं नाव घेतलं. या थंडीत ती येईल का? उन्हाळ्यात नक्की येईल, म्हटलं. मँचेस्टरच्या भारतीय किराणा दुकानात मिळतात तेच मेथीदाणे रात्रभर भिजवून मे महिन्यात पेरा, महिनाभरात खुडायला येतील, आणि पानं कोवळी असतानाच काढा. त्यांनी खिशातून कागद काढून सगळं लिहून घेतलं.