आमची वाटचाल : उद्यमबागेतलं मशीन शॉप आणि आयएटीएफ १६९४९

बेळगावच्या उद्यमबागेत आम्ही बिडाच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. कास्टिंग इथल्याच फाउंड्रीतून येतं, तयार जॉब, म्हणजे मशीनिंग झालेला भाग, कोल्हापूर-पुण्याकडे जातो. गुणवत्ता व्यवस्थेचं आयएसओ ९००१ सर्टिफिकेट होतंच. गाड्यांच्या पार्टचं काम वाढवायचं तर वाहन उद्योगाच्या गुणवत्ता व्यवस्थेचं मानक, आयएटीएफ १६९४९, लागणार होतं. जुन्या टीएस १६९४९च्या जागी ते ऑक्टोबर २०१६मध्ये आलं, आणि आयएसओ ९००१:२०१५ शेजारी ठेवूनच ते वाचावं लागतं.

दोन महिन्यांत सर्टिफिकेट मिळतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या टप्प्याच्या ऑडिटलाच मागच्या १२ महिन्यांची अंतर्गत ऑडिटं, मॅनेजमेंट रिव्ह्यू आणि कामगिरीचे आकडे दाखवावे लागतात. ते वर्ष फायली सजवण्यात घालवू नये. आम्ही सुरुवात गेजपासून, म्हणजे मोजण्याच्या साधनांपासून, केली.

३५ एच७चा बोअर घ्या, म्हणजे ३५ मिलिमीटर व्यासाचं, एच७ टॉलरन्सचं भोक. खालची हद्द ३५.०००, वरची ३५.०२५, म्हणजे टॉलरन्स (चालणारा फरक) २५ मायक्रॉन, मिलिमीटरचे २५ हजारांश. गेजला त्याचा निदान दहावा भाग दिसला पाहिजे, म्हणून ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटचा (त्याहून लहान माप न दाखवणारा) डायल इथे कामाचाच नाही, ०.००१चा डायल किंवा एअर गेज हवा. मग एमएसए, म्हणजे मोजण्याच्या पद्धतीचीच तपासणी : १० जॉब, ३ ऑपरेटर, प्रत्येकी ३ वेळा, एकूण ९० रीडिंग. जीआरआर, म्हणजे गेज आणि ऑपरेटरमुळे मापात पडणारा फरक, १० टक्क्यांच्या आत आला तर गेज चांगलं, ३०च्या वर गेला तर बाद.

यात दोन ठिकाणी हमखास फसगत होते. दहाही जॉब एकाच तासात काढलेले असले की त्यांच्यात फरकच नसतो, आणि एकूण फरकाशी तुलना केली की चांगलं गेजही वाईट दिसतं. जॉब वेगवेगळ्या शिफ्टचे, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलण्याआधीचे आणि नंतरचे निवडा. दुसरी फसगत उष्णतेची. बिडाचा ३५ मिलिमीटरचा बोअर १० अंशांनी तापला की जवळजवळ ४ मायक्रॉन फुगतो. गेज जुळवायची सेटिंग रिंग एसीच्या खोलीत आणि जॉब नुकताच मशीनवरून उतरलेला असला, तर एप्रिल-मेमध्ये टॉलरन्सचा सहावा हिस्सा तिथेच जातो. आम्ही रिंग आणि जॉब एकाच ग्रॅनाइटच्या टेबलावर निवू देतो, मगच मोजतो.

पीपॅपसाठी, म्हणजे ग्राहकाकडून पार्टला मंजुरी घेण्यासाठी, किमान ३०० सलग जॉब काढायचे असतात. ‘सलग’ म्हणजे खरोखर सलग. मधले वाईट उचलून बाजूला ठेवले तर पीपीके (जॉब टॉलरन्समध्ये किती आरामात बसतात तो आकडा) १.६७च्या वर दिसेल, पण तो आकडा खोटा.

ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त पकडलं जातं ते कागदांचं न जुळणं. प्रोसेस फ्लो (कामाचा क्रम), पीएफएमईए (कुठे काय चुकू शकतं त्याची यादी), कंट्रोल प्लॅन (काय, किती वेळा तपासायचं) आणि मशीनवरचं कामाच्या सूचनांचं कार्ड, चौघांत ऑपरेशन नंबर एकच हवा. कंट्रोल प्लॅनमध्ये ‘५ जॉबमागे १’ आणि कार्डावर ‘१० मागे १’ असं होतं, कारण एखादी तक्रार आली की घाईत एकच कागद बदलला जातो. बदल करायचा तर चारही कागद एकाच दिवशी बदलायचे.

कार्डाच्या भाषेवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. मानकाचं कलम ८.५.१.२ सांगतं की कामाच्या सूचना त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत असाव्यात. आमच्याकडे एकाच मशीनवर दिवसा मराठी बोलणारा आणि रात्री कन्नड बोलणारा ऑपरेटर असतो. आधी कार्ड इंग्रजीत होतं, म्हणजे खरं तर कुणाचंच नव्हतं. आता एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि दोन्हीकडे तोच फोटो : जॉब फिक्स्चरवर कसा बसतो, चिप कुठे अडकते, क्लॅम्पखाली बुरी (कडेला उरलेली धातूची धार) राहिली की बोअर कसा तिरका जातो. आकडे मात्र दोन्ही बाजूंना डायलवर छापलेले असतात तसेच. माणूस आकडा वाचत नाही, डायलवर जुळवतो.

प्रोसेस ऑडिट सगळ्या शिफ्टमध्ये करावं लागतं, शिफ्ट बदलतानाही. त्याच वेळी लाल पेटीतले नापास जॉब मोजून पुढच्याच्या ताब्यात जातात की नाही, ते कळतं. कार्डाची नवी आवृत्ती आली की सुपरवायझर आधी जुनं कार्ड मागून घेतो, दोन्ही बाजूंचा आवृत्ती क्रमांक बघतो, फाडतो, आणि मगच नवं अडकवतो.