विजयदुर्गाची भिंत काही दिसली नाही

शिडाच्या बोटीवर राहून समुद्रविज्ञान आणि आरमाराचा इतिहास शिकायचा, अशी ती सहल होती. मी पैसे भरले ते मात्र एकाच लोभापायी. विजयदुर्गाच्या पश्चिमेला पाण्याखाली एक भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्यात उतरून तिची पाहणी केली आहे: लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी ७, उंची ३. शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

पणजीहून निघालो. मांडवीतलं दिवाडी बेट मागे पडलं. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘म्हादेई’ ही शिडाची बोट इथेच बांधली गेली. मालवणात बनाना राइडवाल्यांचा गोंगाट इतका की सिंधुदुर्ग लांबूनच बघितला आणि पुढे सटकलो. बोटीवरच्या संडासाबद्दल एवढंच सांगतो की तो हातपंपाने चालतो आणि पंप मारताना दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट धरावं लागतं. जाहिरातीतल्या फोटोंत हे नव्हतं.

देवगडहून पहाटे निघालो तेव्हा मतलई वारा छान होता. किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा, गार, शीड भरून टाकणारा. विजयदुर्गाचे बुरूज दिसायला लागले आणि नेमका तो पडला. जमीन तापून समुद्रावरून खारा वारा सुटेपर्यंत मधला वेळ असा निर्वातच जातो, हे पुस्तकात वाचलं होतं. त्या वेळात ऊन किती लागतं, डोलकाठीवर लोंबणारं शीड किती फडफडून डोकं उठवतं, हे पुस्तकात नसतं. बोट पुढे जात नव्हती, नुसती डुलत होती. दोघं जण कठड्यावरून वाकून ओकत होते.

‘‘इंजिन लावा की,’’ मी म्हणालो.

‘‘इंजिन कित्याक? वारो येतलो,’’ तांडेलकाका म्हणाले आणि विडी पेटवून बसले. शिकवणाऱ्या मॅडमना तर आनंदच झाला. बोट थांबली की त्यांची प्रयोगशाळा सुरू.

आधी सेकी डिस्क. काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. एवढंच. आंजेलो सेकी नावाच्या पाद्र्याने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून हा प्रयोग केला होता आणि आजही समुद्रशास्त्रज्ञ तो करतात. आदल्या दिवशी बाहेरच्या पाण्यात आमची तबकडी सहा मीटरपर्यंत दिसली होती. इथे दोन मीटरलाच गडप. मॅडमनी वाघोटण खाडीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. ओहोटी लागली होती, खाडीतला सगळा गाळ बाहेर येत होता. भिंत आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असेल, पण मधलं पाणी गढूळ.

माझा चेहरा पाहून काकांनी विचारलं, ‘‘आज तिथी खयची?’’

‘‘अष्टमी.’’

‘‘मगे आठाची पाऊणपट कर. सा वाजता भरती, बाराक सुकती. तू सुकतीक इलंस, तुका काय दिसतला?’’

मी फोनवर पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांचा फरक सोडला तर हिशोब बरोबर होता. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तिथी गुणिले पाऊण. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाणी फार चढत-उतरत नाही. कोर्सच्या छापील वहीत भरती-ओहोटीवर चार पानं होती, त्यात हे सूत्र नव्हतं. या गोष्टीचा मला अजून राग आहे.

मग बारीक जाळीतून गाळलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली. टोकदार काटे मिरवणारी खेकड्यांची पिल्लं, टुणटुण उड्या मारणारे कोपेपॉड नावाचे कोळंबीच्या जातकुळीतले इवले जीव, साबुदाण्यासारखी पारदर्शक माशांची अंडी. काका नको नको म्हणत होते, मग डोळा लावला तो काढीनात. ‘‘ह्यां खावन बांगडो तेवढो होता?’’ आयुष्य बांगडे ओढण्यात गेलं, त्यांचं जेवण आज पाहिलं, म्हणाले.

साडेबाराला खारा वारा आला. बोटीचा तळ पाण्यात दीड मीटर खोल, त्यामुळे कॅप्टन खडकांना घाबरून लांबून वळसा घेत होता. आंग्र्यांच्या सपाट तळाच्या गुराब या लढाऊ जहाजांचा आणि वल्ह्यांवर पळणाऱ्या गलबतांचा फायदा मला तेव्हा नीट कळला. मोठ्या जहाजांना जिथे धास्ती, तिथे ती बिनधास्त शिरत. तरीही हे आरमार १७५६ च्या फेब्रुवारीत इथेच जळलं. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून आले, एका जहाजावर तोफगोळा पडला आणि आग तुळाजी आंग्र्यांच्या सगळ्या ताफ्यात पसरली. इंग्रजांना बोलावणारे पेशवे होते. भिंतीची गोष्ट कौतुकाने सांगणारे गाइड इथे आवाज बारीक करतात.

परतीला बोट नको म्हटलं आणि विजयदुर्गाहून कणकवलीची एसटी धरली. समुद्रात पोटातलं पाणी हललं नव्हतं. तळेऱ्याच्या अलीकडच्या वळणांवर मात्र खिडकीची जागा मागून घ्यावी लागली.