घुमटावरचा पापुद्रा आणि ४० वॉट

इंदूरला जानेवारीतल्या निरभ्र रात्री गच्चीवर जाऊन इन्फ्रारेड थर्मामीटर आभाळाकडे धरा. आकडा शून्याच्या बराच खाली जातो. ढग आला की तोच आकडा भरकन वर चढतो. पहाटे गाडीचं टप दवाने भिजलेलं असतं तेही यामुळेच: टप रात्रभर आभाळाला उष्णता देत हवेपेक्षा गार झालेलं असतं.

आर्क्टिकच्या वाहत्या बर्फावर उष्णता मोजायची यंत्रं लावली, तर ध्रुवीय रात्रीत जवळजवळ सगळा हिशेब आभाळाशी होणाऱ्या याच देवघेवीचा असतो. उणे ३० अंशांचा बर्फ दर चौरस मीटरला सुमारे १९८ वॉट वर सोडतो. निरभ्र आभाळ त्यातले साधारण १५० परत देतं, म्हणजे तूट ४०-५० वॉटची. गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेल्या थेंबांचे ढग आले की ही तूट जवळपास मिटते. खालून समुद्राची उष्णता येते, पण थोडी. २ मीटर जाड बर्फ, वर उणे २५ आणि तळाशी उणे १.८ अंश धरले तर सुमारे २४ वॉट. त्यावर २० सेंटिमीटर भुसभुशीत हिम पसरलं की १४च उरतात. म्हणून काठी रोवून हिमाची जाडी मोजायचा कंटाळा करू नये.

आता खरी अडचण. वरून येणारी दीर्घलहरी (इन्फ्रारेड) उष्णता मोजणाऱ्या पायरजिओमीटर या यंत्राला सिलिकॉनचा घुमट असतो. त्यावर बर्फाचा पातळसा पापुद्रा धरला की यंत्राला आभाळ दिसतच नाही, पापुद्रा दिसतो, आणि तो जवळपास हवेइतक्याच तापमानाचा असतो. निरभ्र रात्र ढगाळ म्हणून नोंदली जाते आणि मोजायला गेलेले ते ४० वॉटच गायब होतात. ओळखायची खूण अशी: तूट शून्याच्या आसपास, ढगांची उंची मोजणाऱ्या लेझरला मात्र ढगच सापडत नाही, आणि पृष्ठभाग गारठत चाललेला. असा डेटा वगळावा, ‘दुरुस्त’ करू नये. घुमटावर अखंड हवा फिरवणारा पंखा हवाच. त्याला वीज लागते आणि त्या रात्रीत सोलर पॅनेलचा काही उपयोग नाही. २०१९-२० च्या मोझाइक या आर्क्टिक संशोधन मोहिमेत, बर्फात अडकवून वाहू दिलेल्या ‘पोलारस्टर्न’ जहाजापासून दूर, स्लेजवर ठेवलेल्या केंद्रांसाठी हा प्रश्न नाजूक होता.

वाऱ्यातून होणारी उष्णतेची देवघेव सोनिक ॲनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र) सेकंदाला १० ते २० वेळा मोजतो. उभा वारा आणि तापमान यांच्या चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी ०.०१ (मीटर प्रतिसेकंद गुणिले अंश) आली तरी सुमारे १४ वॉट होतात. त्याच्या टोकांवर बर्फ साचतो. तो वितळवायला थोडा थोडा वेळ हीटर चालवतात आणि तेवढ्या वेळाची नोंद टाकून देतात.

बर्फाचा तुकडा वाहताना फिरतोही. चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचं नसतं, म्हणून काही मीटर अंतरावर दोन जीपीएस अँटेना लावून दिशा काढतात. उन्हाळ्यात पातळीही रोज तपासावी: सूर्य २० अंशांवर असताना सेन्सर १ अंश कलला तर थेट उन्हाच्या मोजणीत जवळपास ५ टक्के फरक पडतो. आणि केबल कधी ताणून टाकू नये, चांगला ढील सोडावा, कारण यंत्रं लावलेल्या दोन मनोऱ्यांच्या मधूनच भेग जाऊ शकते.