शीतकपाटातला गरम गोळा

शवागाराच्या शीतकपाटाबाहेर ४ अंश सेल्सिअस हा आकडा दिसत होता. मृतदेह रात्रभर आतच होता. खण ओढला तर पायाच्या बोटांमध्ये विखुरलेल्या अळ्या गारठून निपचित पडलेल्या. चिमट्याने डिवचलं तरच जरा हलत होत्या. पोटात मात्र हजारो अळ्यांचा गच्च गोळा रटरटणाऱ्या भातासारखा खदखदत होता.

थर्मामीटरची सळी त्यात सरकवली. आकडा चढत चढत २९ वर थांबला.

"मॅडम, सळी बिघडलीय," माझा नवा सहकारी ठामपणे म्हणाला. दुसरी घातली. तिनेही तेच सांगितलं.

माशीची अळी थंड रक्ताची. एकटी असली की भोवतालचं तापमान तेच तिचं. खाताना, पचवताना, वळवळताना तिच्या अंगात निर्माण होणारी उष्णता इतकी थोडी की लगेच उडून जाते. पण हजारो जणी एकमेकींना चिकटल्या की ती उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही. उघड्यावरच्या मोठ्या गोळ्याचं तापमान हवेपेक्षा १० ते २० अंशांनी जास्त असणं नेहमीचंच. कधी ते ४० च्याही पुढे जातं. ५० च्या आसपास मात्र बहुतेक जातींच्या अळ्या मरतात. म्हणूनच ही खदखद. मध्यभागी फार तापलेली अळी कडेला सरकते, कडेची आत घुसते. मधमाश्यांसारखी कामाची वाटणी इथे नाही. जी ती आपल्यापुरतं सोसवेल तिथे जाते आणि त्यातूनच गोळ्याचा कारभार चालतो.

ऊब हा एकत्र येण्याचा एक फायदा, दुसरा जेवणाचा. अळी पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेलं मांस शोषते. सगळ्यांचे रस एकत्र आले की काम झपाट्याने होतं. श्वसनाची मुख्य छिद्रं मागच्या टोकाला असल्याने तोंड आत खुपसून खाता येतं. वरून पाहिलं तर नुसती शेपटांची गर्दी! मला ते दृश्य अजूनही बघत राहावंसं वाटतं. घरी मात्र सांगत नाही.

मृत्यू केव्हा झाला असावा हे आम्ही अळ्यांच्या वयावरून काढतो. सहकाऱ्याने वाढीच्या त्या हिशेबात शीतकपाटातल्या रात्रीपुढे शून्य मांडलं होतं. अळीची वाढ तापमानावर चालते. ठरावीक किमान तापमानाच्या वर किती अंश, किती तास, याची बेरीज करून आपण वय काढतो. ४ अंशांत वाढ जवळजवळ थांबते, म्हणून शून्य. पायावरच्या अळ्यांपुरतं ते बरोबरच होतं, पण पोटातल्या अळ्या रात्रभर जेवत होत्या.

मग सरळ २९ धरायचे? तेही नाही. कुठलीच अळी सबंध रात्र मध्यभागी बसून राहत नाही. शिवाय गोळा तापतो तो अळ्या मोठ्या झाल्यावर, मुख्यतः वाढीच्या तिसऱ्या म्हणजे शेवटच्या अवस्थेत. त्याआधीचा हिशेब मृतदेह सापडला त्या जागेवरच्या हवामानानेच करावा लागतो. सळीचा सर्वांत मोठा आकडा घेऊन गुणाकार करणारे अहवाल मी वाचले आहेत. ते पाहून चिडचिड होते.

गाभ्यातल्या, कडेच्या आणि पायावरच्या अळ्या वेगळ्या बाटल्यांत घेतल्या. काही गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवल्या, म्हणजे त्या आकसत नाहीत, काळ्या पडत नाहीत. उरलेल्या जिवंत, यकृताच्या तुकड्यावर. पायावरच्या अळ्या आकाराने लहान होत्या, पण तो थंडीचा परिणाम की अंडी उशिरा घातलेली, हे नुसतं पाहून ठरवता येत नव्हतं.

तपास अधिकाऱ्यांना एकच वेळ हवी होती. "साहेब, दोन तारखांमधला काळ देते. एक तास मागू नका." ते नाराज झाले. त्या रात्रीसाठी मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन हिशेब मांडले आणि दोन्ही अहवालात ठेवले.

सही मात्र जिवंत अळ्यांचे कोष होऊन चकाकत्या हिरव्या माश्या बाहेर पडल्यावर केली. ल्युसिलिया सेरिकाटा. जात पक्की झाल्याशिवाय त्या बेरजेतला किमान तापमानाचा आकडाच ठरत नाही.