ट्रकवर घर चाललं, पण आधी न्यूट्रलनं रडवलं

वीज गेली की घर आमच्या इलेक्ट्रिक ट्रकच्या बॅटरीवर चालवायचं ठरवलं होतं, पण पहिल्या चाचणीत ते दोन सेकंदही चाललं नाही. ट्रकच्या हौद्यातल्या सॉकेटमध्ये जाड केबल लावली, दुसरं टोक घराबाहेरच्या इनलेटमध्ये (बाहेरची वीज घरात घ्यायच्या जोडणीत) फिरवून बसवलं, आत जाऊन पॅनेलवरचा ब्रेकर वर केला आणि बाहेरून 'टक्' असा आवाज आला. ट्रकच्या स्क्रीनवर ग्राउंड फॉल्ट, म्हणजे वीज कुठेतरी अर्थकडे गळतेय. रीसेट केलं, परत टक्. तिसऱ्यांदा बायको खिडकीतून म्हणाली, "अरे, फ्रिज तरी लावून बघ ना सरळ." सरळ वायर टाकून लावला तर फ्रिज मजेत चालला. म्हणजे ट्रक ठीक, फ्रिज ठीक, बिघाड मधेच कुठेतरी.

ट्रक म्हणजे फोर्डचा एफ-150 लाइटनिंग, मोठ्या बॅटरीचा. वापरता येण्याजोगी क्षमता 131 किलोवॅट-तास, म्हणजे 131 युनिट. अकरा सॉकेट, सगळी मिळून 9.6 किलोवॅट. त्यातलं मागच्या हौद्यातलं 240 व्होल्टचं, 30 अँपिअरचं सॉकेट एकटंच 7.2 किलोवॅट देतं. पूर्ण घर आपोआप ट्रकवर जाईल अशी यंत्रणाही बसवून मिळते. 80 अँपिअरचा चार्जर, वेगळा इन्व्हर्टर वगैरे. मला ती नको होती. फ्रिज, फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी), तळघरातलं पाणी उपसणारा पंप, वायफाय आणि चार दिवे चालले की माझं भागणार होतं. आकडे बघून मी खूश होतो. आकड्यांत न्यूट्रल, म्हणजे करंट परत आणणारी तार, नव्हता.

आमच्या पॅनेलवर इंटरलॉक बसवलेला होता. साधी पत्र्याची सरकती पट्टी असते ती: मेन ब्रेकर खाली ओढल्याशिवाय जनरेटरचा (इथे ट्रकचा) ब्रेकर वर जातच नाही. पट्टी दिसायला क्षुल्लक आहे, पण तिच्याशिवाय हा उद्योग करूच नये. ट्रकची वीज उलटी बाहेर गेली तर खांबावरचा ट्रान्सफॉर्मर 240 व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो आणि तारा जोडायला आलेला लाइनमन त्यात सापडतो. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करून भिंतीतल्या सॉकेटमधून घरात वीज घुसवणारे लोक आहेत. त्या केबलचं एक टोक ट्रकला लावलेलं असताना हातातल्या टोकाच्या उघड्या पिनांत वीज असते, एवढं सांगितलं की पुरे.

तर तो 'टक्'. इलेक्ट्रिशियन आला, त्यानं केबल बघितली, पॅनेल उघडलं आणि न्यूट्रल-अर्थची पट्टी दाखवून म्हणाला, "हे इथे बांधलेले आहेत. तुमच्या ट्रकमध्येही बांधलेले आहेत. दोन ठिकाणी चालत नाही."

मला कळलं ते असं. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असतात. ट्रक स्वतः वीज तयार करतो म्हणून त्याच्या आतही ते जोडलेले असतात. केबलनं दोघांना जोडलं की परत येणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात: थोडा न्यूट्रलमधून येतो, थोडा अर्थच्या तारेतून. ट्रकचं संरक्षण फक्त गेलेला आणि आलेला करंट मोजत बसलेलं असतं. पाच-सहा मिलीअँपिअरचा फरक दिसला की ते समजतं, कुणाला तरी शॉक बसतोय, आणि तोडतं. म्हणजे ट्रक बरोबर होता, घरही बरोबर होतं, एकत्र आल्यावर भांडत होते. (सोयरीक जमवताना हे आधी विचारायला हवं होतं.)

केबलमधली अर्थची तार कापून टाकली की ट्रिप थांबतं, हा सल्ला मला दोघांनी दिला. इलेक्ट्रिशियन त्यावर नुसता हसला. तार कापली तर संरक्षणच जातं. आणि काही फर्नेसना ज्योत पेटलीय हे कळायला सुद्धा अर्थ नीट लागतो, हे त्यानं जाता जाता सांगितलं.

उपाय म्हणजे न्यूट्रलही बदलणारा ट्रान्सफर स्विच. फेज बदलतानाच तो निवडलेल्या सर्किटांचा न्यूट्रलही घराच्या पट्टीवरून सोडवून ट्रककडे वळवतो. मग जोड एकाच ठिकाणी राहतो, ट्रकमध्ये. अर्थची तार मात्र अखंड. परवाना, स्विच यायची वाट, काम, तपासणी यात तीन आठवडे गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दहा सर्किटं निवडताना मात्र घरात चांगलीच चर्चा झाली. कपडे वाळवायचं मशीन पहिल्याच फेरीत बाद.

खरी परीक्षा वादळाच्या रात्री झाली. संध्याकाळी वीज गेली, बॅटरी 84 टक्के होती. पावसात केबल ओढली, हौद्यावरचं झाकण पुढे घेतलं, स्विच फिरवला. टक् झालं नाही. फर्नेसचा पंखा घरघरला तेव्हा मी तळघरात एकटाच टाळ्या वाजवत होतो.

तासाभरात सगळं परत अंधारात. 7.2 किलोवॅट ही बेरीज दोन फेजची असते, एका बाजूला 3.6 च. मायक्रोवेव्ह आणि पाण्याची इलेक्ट्रिक किटली एकाच बाजूला, प्रत्येकी दीड किलोवॅट, आणि त्याच वेळी पंप सुरू झाला. स्विचवर दोन्ही बाजूंचे वॅट दाखवणारे काटे आहेत, ते बघायला मी तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी किटलीचं सर्किट दुसऱ्या बाजूला घेतलं.

दुसरी गोष्ट कुणी सांगितली नव्हती: ट्रक स्वतःही खातो. रात्री अकराला बॅटरी 80, सकाळी सातला 76. चार टक्के म्हणजे साधारण पाच युनिट. काट्यांवरून ढोबळ हिशेब केला तर घरानं त्यातली अडीचच घेतली असतील. बाकीची इन्व्हर्टर आणि जागा राहिलेल्या ट्रकनं गिळली. फक्त फोन चार्ज करायला ट्रक चालू ठेवणं म्हणजे दिव्यासाठी भट्टी पेटवणं.

वीज 31 तासांनी आली तेव्हा 66 टक्के उरले होते. मी स्वतःसाठी 30 ची रेघ आखली आहे. त्याखाली घर बंद, कारण कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर त्याच बॅटरीवर जायचं आहे. आणि केबल न काढता ट्रक गिअरमध्ये टाकू नये म्हणून बायकोनं स्टिअरिंगला लाल फडकं बांधून ठेवलंय.