५० आणि ५६ : माझ्या वेज फिटिंगचा अनुभव

गोल्फमध्ये सगळे ड्रायव्हरबद्दल, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबबद्दल बोलतात, पण माझ्यासारखी जी बाई ड्रायव्हर फार लांब मारत नाही तिचा सगळा स्कोअर वेजवर, म्हणजे जवळचे उंच फटके मारायच्या क्लबवर ठरतो हे कोणी सांगत नाही, म्हणून मी वेज आपल्या मापाच्या कशा करून घेतल्या (त्यालाच फिटिंग म्हणतात) ते सविस्तर लिहितेय. माझी ७ आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब, साधारण १०५ यार्ड जाते. म्हणजे पार ४ वर (चार फटक्यांत पुरा करायचा टप्पा) दोन चांगले फटके मारले तरी ग्रीन, म्हणजे भोक असलेली बारीक गवताची जागा, ६०-७० यार्ड लांब राहतं, आणि नेमका तोच आकडा माझ्या बॅगेत नव्हता. सेटबरोबर आलेली पिचिंग वेज ७८-८० जायची आणि वाळूतून बॉल काढायची सॅंड वेज पंचावन्नच्या आसपास. मधल्या पंचवीस यार्डांत मी कधी पिचिंग अर्धी मारायची, कधी सॅंड जोर लावून, आणि दोन्हीत भरवसा नाही.

आधी हे असं का होतं ते समजून घेतलं. हल्लीच्या सोप्या आयर्न सेटमध्ये कंपन्या लॉफ्ट, म्हणजे क्लबचं तोंड मागे कललेलं असतं तो कोन, कडक (कमी) करतात, म्हणजे पिचिंग वेजवर पी लिहिलेलं असलं तरी ती ४३-४४ डिग्रीची असते, पूर्वी ती ४७-४८ असायची. सॅंड वेज मात्र अजून ५६ च आहे. मग मधे १२ डिग्रीचा खड्डा पडणारच. माझी पिचिंग ४४ निघाली. तुमच्या सेटचे लॉफ्ट कंपनीच्या साइटवर मिळतात, वेज बघायला जायच्या आधी ते लिहून घ्या, क्लबवर लिहिलेल्या अक्षरावर जाऊ नका.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत एक काका आहेत, खूप वर्षं खेळतायत, त्यांनी सुचवलं की ४८, ५२, ५६, ६० असा सेट घे, टीव्हीवरचे सगळे चार-चार डिग्रीचं अंतर ठेवतात. काकांबद्दल मला आदर आहेच, पण त्यांचा आणि माझा क्लब फिरवायचा स्पीड वेगळा आणि सगळी गोम तिथेच आहे. जोरात मारणाऱ्याला चार डिग्रीत दहा-पंधरा यार्डांचा फरक मिळतो. माझ्या स्पीडला चार डिग्री म्हणजे सात-आठ यार्ड, तेवढा फरक तर माझ्या एकाच क्लबच्या दोन फटक्यांत असतो. बॅगेत क्लब जास्तीत जास्त १४ ठेवता येतात, त्यातले चार असे एकमेकांच्या अंगावर पडणारे ठेवून काय करायचं? माझ्यासाठी सहा डिग्रीचं अंतर बरोबर, ४४, ५०, ५६, संपलं. फिटरकडे, म्हणजे क्लब मापाचे करून देणाऱ्याकडे, लाँच मॉनिटरवर (फटका मोजायच्या मशीनवर) आकडे बघितल्यावर तोही हेच म्हणाला.

लॉफ्टचं गणित सोपंच आहे खरं तर. खरा वेळ गेला बाउन्समध्ये, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

बाउन्स म्हणजे वेजच्या तळाची मागची बाजू पुढच्या धारेपेक्षा किती खाली आहे तो कोन. उलथनं फार उभं धरलं तर तव्यावर अडतं आणि जरा आडवं केलं की थालीपीठाखालून सरकत जातं, तसंच हे. बाउन्स जास्त असेल तर क्लब जमिनीत न घुसता सरकतो, कमी असेल तर धार खाली जाते. साधारण ४ ते ६ डिग्री कमी, ७ ते १० मधलं, त्याच्या वर जास्त. ही कल्पना जीन सॅराझेन या अमेरिकन खेळाडूची, त्याने आपल्या क्लबच्या तळाला शिसं डागून जाड केलं आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन त्याच क्लबने जिंकली. विमानाच्या शेपटीकडे बघून हे सुचलं असं तो सांगायचा. त्याच्या आधी वाळूतून बॉल काढायचे क्लब पातळ धारेचे होते आणि वाळूत रुतायचे, त्यामुळे हा बदल किती मोठा होता ते बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उभं राहिलं की कळतं.

आता आपल्याकडचा प्रश्न बघा. मी खेळते सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर, डोंगराच्या कुशीत आहे, मेंबर नसलात तरी पैसे भरून खेळता येतं, ठाण्याहून पहाटे निघालं तर ठाणे-बेलापूर रोडने फार वेळ लागत नाही. पण तिथली जमीन वर्षातून दोन वेगवेगळ्या कोर्ससारखी वागते. एप्रिल-मेमध्ये फेअरवे (ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट) टणक, गवत दबलेलं, क्लब खाली आपटला की मनगटापर्यंत जाणवतो. जुलैमध्ये तीच जागा इतकी मऊ की डिव्हट (क्लबने उखडलेलं गवत, त्याच्या खड्ड्यालाही तेच म्हणतात) नाही, चिखलाचा गोळा उडतो. परदेशातले व्हिडिओ बघून बाउन्स निवडला तर यातलं काहीच हाती लागत नाही, कारण ते त्यांच्या एका जमिनीबद्दल बोलत असतात. आणि फिटिंग होतं दुकानात, मॅटवर. मॅटवर बाउन्स समजत नाही, स्पष्टच सांगते, मॅटवर बॉलच्या मागे आपटलेला फटकासुद्धा क्लब सरकून बरा जातो.

म्हणून मी ऑर्डर द्यायच्या आधी मागून आणलेल्या वेज घेऊन गवतावर मारून बघितलं, उन्हाळ्यात आणि परत पाऊस लागल्यावर. काकांकडे १४ बाउन्सची जुनी ५६ होती आणि ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडे ८ ची. माझ्या नेहमीच्या कॅडीला (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाला) सांगितलं होतं की आज बॉल कुठे जातो ते बघू नकोस, क्लब जमिनीत काय करतो ते बघ. तो खाली उकिडवा बसला आणि प्रत्येक फटक्यानंतर डिव्हटमध्ये बोट घालून बघायचा. ८ च्या वेजने पावसात प्रत्येक डिव्हट बॉलच्या मागे सुरू झालेला, पुढच्या टोकाला खोल, आणि कडेला गवताची साल उलटी दुमडलेली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही वरून खाली येता, ही धार तुम्हाला आत ओढते." १४ च्या वेजने त्याच जागी डिव्हट लांब आणि उथळ, पैशाएवढा जाड. पण मेमध्ये उलटं झालं होतं, १४ ची वेज टणक जमिनीवर उडायची आणि धार बॉलच्या पोटात बसायची, बॉल जमिनीलगत ग्रीनच्या पार. तेव्हा ८ ची छान चालली होती.

अजून एक गोष्ट त्या कॅडीनेच दाखवली जी मला कुठे वाचायला मिळाली नव्हती. पावसात फेअरवे मऊ होतो पण बंकरची वाळू भिजून दबते, कडक होते. म्हणजे पावसाळ्यात गवतावर जास्त बाउन्स हवा आणि बंकरमध्ये कमी, आणि उन्हाळ्यात वाळू भुसभुशीत असली की बरोबर उलटं. मग एका क्लबने दोन्ही कसं करायचं? उत्तर मिळालं ग्राइंडमध्ये. तळाचा टाचेकडचा आणि मागचा भाग घासून काढलेला असतो त्याला ग्राइंड म्हणतात. मधे बाउन्स भरपूर, पण कडा घासलेल्या, म्हणजे सरळ धरला तर सरकतो आणि फेस, म्हणजे क्लबचं तोंड, उघडला (आकाशाकडे वळवला) तरी धार फार वर उचलली जात नाही. तुमचे हात बॉलच्या पुढे असतील तर बाउन्स कमी होतो, फेस उघडला की वाढतो, त्यामुळे क्लबवर छापलेला आकडा ही फक्त सुरुवात आहे.

फिटिंगला गेले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं म्हणून बोलणं पटापट झालं. फिटर वयाने लहान होता पण काम मन लावून करत होता. आधी माझ्याच आयर्नने मारायला लावलं, मग मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं, मग वेज. भिंतीवर वोकी, क्लीव्हलँड, पिंग, कॅलवे सगळे ब्रँड लावलेले आणि पहिली जी हातात दिली ती मला वरवंट्यासारखी जड लागली. कारण शाफ्ट, म्हणजे दांडा. दुकानातल्या बहुतेक वेजमध्ये ११५-१३० ग्रॅमचा स्टील शाफ्ट असतो, माझ्या आयर्नमध्ये ग्रॅफाइट आहे साठ ग्रॅमच्या आतला. पिचिंग वेजपर्यंत एक वजन आणि पुढच्या क्लबला दुप्पट, मग टायमिंग कसं राहणार? आयर्नपेक्षा वेज थोडी जड असावी हे बरोबर आहे, पण थोडीच. बायकांना, वयस्कर लोकांना आणि नवीन मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे की शाफ्टचं वजन विचारल्याशिवाय वेज घेऊ नका, दुकानात ते आपणहून कोणी सांगत नाही. याआधी मी एका दुकानात गेले होते तिथे तीन वेजचा बॉक्स पुढे केला, डिस्काउंट आहे मॅडम, फक्त एवढंच, स्पीड विचारला नाही, आयर्न कुठली ते विचारलं नाही. एकेक वेज चांगली महाग असते, एवढे पैसे घेताना दोन प्रश्न तरी विचारावेत माणसाने.

हलका ग्रॅफाइट लावल्यावर लगेच फरक पडला, स्पिन वाढला आणि बॉल फेसच्या मधोमध यायला लागला. हेड मी कॅव्हिटी बॅक (मागे खळगा असलेलं, चुका सांभाळून घेणारं) घेतलं, माझ्या आयर्नसारखंच, कारण ५० ची वेज मी जवळजवळ नेहमी पूर्ण मारणार. ग्रीनजवळ कौशल्याचे फटके खेळणाऱ्यांना ब्लेड, म्हणजे खळगा नसलेलं हेडच आवडतं आणि त्यांच्यासाठी ते योग्यच आहे.

मग लाय अँगल, म्हणजे शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन. हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटला. फिटरने मार्करने बॉलवर एक उभी जाड रेघ काढली, रेघ क्लबकडे करून बॉल ठेवला आणि मारायला सांगितलं. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. सरळ उभा उमटला तर लाय बरोबर, माझा तिरका. मी पाच फूट दोन इंच, नेहमीच्या लायला क्लबचं टोक वर उचललेलं राहतं आणि फेस डावीकडे बघतो. ७ आयर्नला हे एवढं जाणवत नाही, पण लॉफ्ट जितका जास्त तितका चुकीच्या लायचा परिणाम मोठा, वेजमध्ये तर बॉल ग्रीनच्या डाव्या कडेलाच. माझे पिच (वेजचे उंच फटके) नेहमी डावीकडे का जातात यावर मी कोचबरोबर कितीतरी डोकं फोडलं होतं! लाय दोन डिग्री फ्लॅट (आडवा) केल्यावर तोच स्विंग, तोच बॉल, आणि रेघ सरळ.

लांबी अर्धा इंच कमी केली. इथे एक लक्षात ठेवा, अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना हेडचं जाणवणारं वजन) साधारण तीन पॉइंट उतरतं आणि हेड हातात जाणवेनासं होतं, म्हणून ते वजन परत घालून घ्यायला सांगा. तसंच लॉफ्ट वाकवला तर बाउन्सही त्याच्याबरोबर बदलतो, एक डिग्री कडक केला की बाउन्स एक डिग्री कमी. ५६ वाकवून ५४ करून देतो असं कोणी म्हणालं तर १२ चा बाउन्स १० होणार हे माहीत असू द्या.

फिनिशमध्ये मला रॉ (मुलामा नसलेलं) आवडलं होतं, चमकत नाही, दिसायला देखणं. पण ते गंजतं. गंजाने स्पिन कमी होत नाही हे खरं, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर बॅग गाडीच्या डिकीत ओली राहते, बाकीचे क्लब, टॉवेल सगळ्याला ते डाग लागणार, म्हणून क्रोम घेतलं. ग्रिप लेडीज साइजची, दोरा असलेली, कारण घाम.

ऑर्डर येईपर्यंत बरेच आठवडे थांबावं लागलं. आल्यावर मी फिटरलाच मशीनवर लॉफ्ट आणि लाय परत मोजायला लावलं, कारण कारखान्यातून डिग्रीभर इकडेतिकडे येणं चालतं. ५० बरोबर होती, ५६ ची ५५ निघाली. माझ्यासमोर त्याने क्लॅम्पमध्ये धरून हळूच वाकवली, परत मोजली, परत जराशी, मग काटा ५६ वर आल्यावर मान हलवली. दहा मिनिटांचं काम आहे, ते करूनच घ्या.

आता ५० ची वेज साधारण ६७-६८ जाते, आणि ५६, १२ बाउन्सची, ५५ च्या जवळपास. पावसात ती फेअरवेमधून स्वच्छ निघते. मेमध्ये टणक जागेवरून चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) करताना मी ५० च वापरते, तिचा बाउन्स कमी आहे आणि बॉल घरंगळत जातो तेही चालतं. ओल्या बंकरमध्ये फेस जास्त उघडत नाही. काका अजूनही भेटले की ६० घे म्हणतात, पण माझ्या स्पीडला ६० चा बॉल वर जातो आणि तिथेच पडतो, शिवाय थोडा चुकला तर क्लब खालून निघून जातो. ती चौदावी जागा मी ५ हायब्रिडला (लांब मारायच्या सोप्या क्लबला) दिलीय, दुसरा फटका दहा यार्ड पुढे जातो आणि मग हातात आपोआप ५० च येते.